आमच्या स्प्लेंडरची गळती

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. पहिली ते दहावी इंग्रजी माध्यम, त्यामुळे कुणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मला अजून मनात आकडे जुळवावे लागतात. मराठी विभागाच्या संपादकांनी "टेक्निकल काहीतरी दे, पण मेसमध्ये जेवताना वाचता येईल असं दे" अशी गळ घातली, म्हणून हे धाडस. शुद्धलेखन पप्पांनी तपासलं आहे. ते जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षक आहेत, आणि त्यांच्याच मुलीनं त्यांना 'पप्पा' म्हणावं हा त्यांच्या आयुष्यातला एक छोटासा पराभव आहे. इंजिनाबद्दल काही चुकलं असेल तर ते मात्र माझं.

तर झालं असं. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. आमचं गाव कराडजवळ. बॅग ठेवायच्या आत आईनं पोर्चमधल्या शहाबादी फरशीकडे बोट दाखवलं. भाकरीएवढा काळा डाग. "तुझ्या पप्पांची गाडी रोज इथं तेल सांडते. दिवाळीत अभ्यंगस्नान माणसांनी करायचं असतं, गाडीनं नाही. मी रांगोळी काढू कुठं?"

गाडी म्हणजे 2009 ची स्प्लेंडर. कंपनीचं नाव 2011 मध्ये हिरो मोटोकॉर्प झालं, पण आमच्या टाकीवर अजून हिरो आणि होंडा शेजारी शेजारी नांदतात. पप्पांची शाळा पाटणच्या बाजूला, डोंगरातल्या एका वाडीत. रोज 22 किलोमीटर जाणं, तितकंच येणं, शेवटचा टप्पा सगळा चढ-वळणांचा. गळती सुरू होऊन दोन महिने झाले होते. एका गॅरेजमध्ये दाखवलं तर उत्तर मिळालं, "सर, इंजिन उतरवावं लागेल. सगळी पॅकिंग, सगळे सील बदलू. साडेसहा हजार धरून चाला." पप्पांनी हिशेब केला. दिवाळी, माझी फी, घरपट्टी. मग म्हणाले, बघू संक्रांतीनंतर.

त्या मेकॅनिकला मी नावं ठेवणार नाही. चिखल आणि तेलानं माखलेल्या इंजिनाकडे बघून गळती कुठली हे कुणालाच सांगता येत नाही. पण पप्पा मला सोबत घेऊन पुन्हा तिथं गेले तेव्हा तो हसत म्हणाला, "ताई मेकॅनिकलला आहेत ना? मग सांगा की कुठून गळतंय." मी थर्ड इयर मेकॅनिकल. आय.सी. इंजिनमध्ये बऱ्यापैकी मार्क. मला फोर-स्ट्रोक सायकलची आकृती झोपेत काढता येते. पण त्या क्षणी मला स्प्लेंडरची डिपस्टिक कुठल्या बाजूला असते हेही माहीत नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? हात वर करा. हां, तेच म्हणते मी.

(उजव्या बाजूला, किकच्या पुढे. काळं झाकण. तेच फिरवून काढलं की खाली काडी.)

घरी येऊन ती काढली. काडीवर दोन खुणा असतात, वरची आणि खालची. तेल या दोन्हींच्या मधे हवं. आमच्या काडीचं टोक जेमतेम ओलं होतं. मग मात्र मला घाम फुटला, कारण आता पुस्तकातलं सगळं एकदम आठवलं. 97.2 सी.सी.च्या या इंजिनात मुळात तेल लिटरभराच्या आतच. तेवढ्याच तेलावर पिस्टन, कॅम, गिअर आणि क्लच सगळे जगतात, कारण अशा मोटरसायकलमध्ये गिअरबॉक्सचं तेल वेगळं नसतं. शिवाय इंजिन एअर-कूल्ड. म्हणजे उष्णता वाहून नेण्याचं कामही काही प्रमाणात तेच करतं. तेल संपत आलं की आधी टॅपेटचा आवाज वाढतो, मग एक दिवस पिस्टन सिलिंडरमध्ये आवळतो. चालत्या गाडीचं इंजिन असं जाम झालं तर क्लच दाबेपर्यंत मागचं चाक लॉक होतं. हे सपाट रस्त्यावर झालं तर नशीब. पप्पांचा रस्ता सपाट नाही.

म्हणून पहिला धडा, आणि तो शोधाच्याही आधीचा: गळती कुठून आहे हे नंतर बघा, आत किती शिल्लक आहे ते आधी बघा.

आता माझी पहिली चूक. इंजिनाच्या तळाशी, ड्रेन बोल्टच्या टोकाला तेलाचा टपोरा थेंब लोंबत होता. मी ताबडतोब निदान केलं: ड्रेन बोल्टचं वॉशर गेलं. पप्पाही खूश झाले, कारण वॉशर म्हणजे दहा रुपयांचा मामला. मी इंजिन थोडं गरम करून, घमेलं लावून जुनं तेल काढलं. स्वयंपाकघरातल्या बाद झालेल्या मापाच्या भांड्यात मोजलं तर साधारण साडेचारशे मिली. म्हणजे निम्मं तेल रस्त्यावर आणि फरशीवर गेलेलं. बोल्ट पुसला, नवं वॉशर घातलं, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेच 10डब्ल्यू-30 तेल भरलं. बोल्ट आवळताना पान्याला पाइप लावणार होते, म्हणजे लीव्हर मोठा. पप्पा म्हणाले, "असू दे, पुढच्या वेळी काढायचाय पण." हे वाक्य फार मोलाचं होतं हे मला नंतर कळलं. बोल्ट लोखंडाचा, केसिंग ॲल्युमिनियमचं. टॉर्क म्हणजे बल गुणिले अंतर हे आपण अकरावीपासून लिहितो, पण पाइप लावला की तेच सूत्र ॲल्युमिनियमचे आटे खरवडून काढतं. मग दहा रुपयांचं काम लेथपर्यंत जातं.

रात्री गाडीखाली फर्स्ट इयरची इंजिनिअरिंग ड्रॉइंगची जुनी शीट अंथरली. (ती शीट शेवटी कुठेतरी उपयोगी पडली!) सकाळी मोजलं. अकरा थेंब. आणि ड्रेन बोल्टच्या टोकाला बारावा तयारच.

मी वैतागून पायरीवर बसले होते. पप्पा चहा घेऊन आले आणि म्हणाले, "आमच्या खात्यातपण हा शब्द आहे बरं का. गळती." शाळा सोडणाऱ्या मुलांना शिक्षण खात्यात गळती म्हणतात, मला माहीत नव्हतं. "पोरगं सातवीत शाळा सोडतं. रजिस्टरवर लिहितो, सातवीत गळती. पण घरी जाऊन बघावं तर ते तिसरीतच सुटलेलं असतं. वाचायला येईना, कुणी लक्ष दिलं नाही, तसंच घरंगळत घरंगळत सातवीपर्यंत आलं. थेंब सातवीत पडला म्हणून भोक सातवीत असतं असं नाही."

पप्पांना इंजिनातलं काही कळत नाही. पण माझ्या डोक्यात ट्यूब पेटली ती तिथं.

तेल जिथून बाहेर येतं तिथून खाली पडत नाही. ते पृष्ठभागाला चिकटून, फिन्सच्या खाचांतून, केसिंगच्या कडेनं वाट काढत सर्वांत खालच्या टोकापर्यंत जातं आणि तिथून टपकतं. ड्रेन बोल्ट तर मुद्दामच सर्वांत खाली बसवलेला असतो. म्हणजे इंजिनात कुठेही गळती झाली तरी थेंब बहुधा त्याच्याच टोकाला लोंबणार. गुन्हा कुणाचाही असो, सापडणार तोच. त्यात गाडी चालताना वारा. समोरून येणारा वारा तेलाला मागे ढकलतो. म्हणजे डाग दिसतो त्याच्या वरती आणि पुढच्या बाजूला शोधायचं. वर आणि पुढे, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. मी नेमकं उलटं केलं होतं.

मग पुन्हा पहिल्यापासून. इंजिन पूर्ण थंड असताना जुना टूथब्रश आणि वाटीभर डिझेल घेऊन साफसफाई. पेट्रोल वापरू नका, त्याची वाफ पटकन पेट घेते. डिझेलचीही आगीशी मैत्री नको, जवळ पणती नाही ना बघा. आमच्याकडे दिवाळी होती, म्हणून सांगतेय. प्लगच्या कॅपवर आणि वायरींच्या जोडांवर प्लास्टिकची पिशवी बांधली. फिन्सच्या मधे पंधरा वर्षांचा सातारा जिल्हा साठलेला होता. तो काढायला दोन तास गेले. नंतर शाम्पूचं पाणी, मग स्वच्छ पाणी, मग ऊन. हे काम कंटाळवाणं आहे आणि याला पर्याय नाही. न धुतलेल्या इंजिनावर शोध घेणं म्हणजे खोडलेल्या फळ्यावर नवीन गणित वाचणं.

धुताना एक गोष्ट लक्षात आली. डाव्या बाजूला, पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखाली चिकट काळं लोण्यासारखं काहीतरी होतं. मला वाटलं, सापडलं! पण ते इंजिनातलं तेल नव्हतंच. पप्पा चेनवर जळकं ऑइल सोडायचे, ते स्प्रॉकेटनं उडवून तिथं साठवलेलं. इंजिनातली गळती ओली आणि वाहती असते, चेनचं तेल धुळीत मळल्यासारखं घट्ट. हॉस्टेलच्या पार्किंगमध्येही हा फसवा चोर बऱ्याच गाड्यांवर आहे, मी बघून आलेय.

आता पावडर. एन.डी.टी.चं प्रॅक्टिकल आठवतंय का? डाय पेनिट्रंट टेस्ट. जॉब साफ करायचा, लाल डाय लावायचा, थांबायचं, वरचा पुसायचा आणि मग पांढरा डेव्हलपर मारायचा. भेगेत राहिलेला लाल रंग केशाकर्षणानं त्या पांढऱ्यात उमटतो आणि डोळ्यांना न दिसणारी भेग रेघ होऊन दिसते. मी जर्नलमध्ये ती आकृती तीन रंगांत काढलीय, 'कम्प्लीट'चा शेरासुद्धा मिळालाय. पण घरच्या टॅल्कम पावडरचा डबा म्हणजे डेव्हलपरच, हे समजायला दिवाळी उजाडावी लागली. पुरेसं कोरडं झालेल्या इंजिनावर हेडपासून तळापर्यंत पावडर भुरभुरली. आई म्हणाली, गाडी पूजेला बसवल्यासारखी दिसतेय.

मग गाडी मेन स्टँडवर लावून, उघड्यावर, इंजिन सुरू केलं. इथं एक बारकावा आहे. उभ्या गाडीला वारा नसतो. त्यामुळे तेल फक्त गुरुत्वाकर्षणाचं ऐकतं, सरळ खाली येतं, आणि उगम सापडणं सोपं जातं. पण वारा नाही म्हणजे एअर-कूल्ड इंजिनाला थंडावाही नाही. म्हणून पाच-सात मिनिटांत बंद करा. तेवढं पुरतं, कारण तेल गरम झालं की पातळ होतं आणि थंड असताना न दिसणारी गळती गरम इंजिनावर दिसायला लागते.

चौथ्या मिनिटाला दिसलं. खाली नाही, पार पुढे.

स्प्लेंडरचा सिलिंडर उभा नसतो, जवळजवळ आडवा, पुढच्या चाकाकडे तोंड करून झोपलेला असतो. त्यामुळे हेडमधल्या दोन व्हॉल्व्हांपैकी इनटेकचं टॅपेट कव्हर वरच्या बाजूला येतं आणि एक्झॉस्टचं खालच्या बाजूला, सायलेन्सरच्या पाइपजवळ. ही दोन्ही कव्हरं म्हणजे आट्यांची गोल झाकणं, प्रत्येकाखाली एक रबरी ओ-रिंग. खालच्या झाकणाच्या कडेला पांढऱ्या पावडरवर बारीक करडी चंद्रकोर उमटली. बघता बघता तिची रेघ झाली, रेघ सिलिंडरच्या फिन्सवरून मागे क्रँककेसकडे उतरली आणि ड्रेन बोल्टच्या दिशेनं निघाली. एक फाटा सायलेन्सरच्या पाइपवर गेला आणि तिथून धूर. "चढावर गाडी थांबवली की जळका वास येतो," असं पप्पा महिनाभर सांगत होते. पुरावा साक्षीदारानं दिला होता, जबाब कुणी नोंदवला नव्हता.

आम्ही दोघं जमिनीवर आडवे पडून त्या रेघेकडे टक लावून बघत होतो. शेजारच्या काकू कंपाउंडवरून विचारत्या झाल्या, "सर, काय हरवलंय का?"

इंजिन गार झाल्यावर झाकण काढलं. खालचं असल्यामुळे काढताना थोडं तेल येतंच, कापड धरून ठेवा, घाबरू नका. ओ-रिंग हातात घेतली. नवी असताना तिचा छेद गोल असतो. हिचा एका बाजूनं सपाट झाला होता, नख रुतत नव्हतं, आणि वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या. रबर कसलं, प्लास्टिकची बांगडी.

ओ-रिंग काम कशी करते हे इथं दोन ओळींत सांगते, कारण मला वाटायचं की झाकण घट्ट आवळलं की तेल थांबतं. तसं नाही. झाकण ओ-रिंगला थोडंसं दाबतं. दबलेलं रबर पुन्हा मूळ आकारात यायला धडपडतं, आणि त्या धडपडीनं ते दोन्ही धातूंना चिकटून राहतं. इंजिन तापतं, धातू प्रसरण पावतो, फट किंचित कमीजास्त होते, रबर तिच्या मागोमाग हलतं. सील करतो तो रबराचा परत येण्याचा स्वभाव. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन रबर कडक झालं की दाबलेलं तसंच राहतं. याला इंग्रजीत 'कॉम्प्रेशन सेट' म्हणतात. मग कितीही आवळा, तेल जाणारच. वरची ओ-रिंग तितक्याच वयाची असून गळत नव्हती, कारण एक्झॉस्टच्या बाजूला उष्णता जास्त, आणि खालच्या झाकणावर तेल सतत उभं असतं.

याच स्वभावापायी 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झालं आणि सात अंतराळवीर गेले. तिथं उष्णता नव्हे, थंडी कारण होती. रात्रीच्या गारठ्यानं बूस्टरच्या जोडातली ओ-रिंग कडक झाली, वेळेत परत फुगली नाही, आणि फटीतून तप्त वायू बाहेर आला. चौकशी समितीत रिचर्ड फाइनमन होते. त्यांनी सगळ्यांसमोर ओ-रिंगच्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढून चिमटा सोडला आणि दाखवलं की रबर लगेच परत येत नाही. एक ग्लास पाणी, बर्फ आणि एक चिमटा. आपल्या व्हायव्हाला एवढं सोपं उत्तर द्यायची हिंमत होईल?

स्पेअर पार्टच्या दुकानात जुनी ओ-रिंग सोबत न्या. "साधारण एवढी" असं बोटांनी दाखवून चालत नाही, व्यासाबरोबर रबराची जाडीही जुळायला हवी. दोन्ही झाकणांच्या दोन ओ-रिंगा घेतल्या, मिळून पंचवीस रुपये. दुकानदारानं सोबत एक सल्ला फुकट दिला, "वरून सिलिकॉन लावा ताई, आयुष्यात गळणार नाही." लावू नका. ओ-रिंगच्या जागी सिलिकॉनचं काम नाही. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला सरकतं, त्याचा तुकडा सुटून तेलाच्या जाळीत अडकला की बाहेरची गळती थांबेल आणि आतला तेलपुरवठाही. बाहेरून एम-सील थापणं हा तसलाच प्रकार. आणि "जाड तेल टाका, गळणार नाही" हाही. जाड तेल कमी गळतं खरं, पण थंड सकाळी कॅमपर्यंत पोचायलाही वेळ लावतं.

बसवणं पाच मिनिटांचं. खाच आणि कडा सुती कापडानं पुसल्या, धागा राहिला नाही ना ते बघितलं, नव्या ओ-रिंगला बोटानं नवं तेल लावलं म्हणजे ती पिळवटत नाही. झाकण आधी नुसत्या हातानं फिरवलं. हातानं सहज फिरत नसेल तर आटे तिरके लागलेत, जबरदस्ती न करता उलटं फिरवून पुन्हा लावा. शेवटी पान्यानं बेताचं आवळलं. पाइप न लावता. टॅपेटच्या क्लिअरन्सला मी हात लावला नाही. गळतीचं काम काढलंय तर गळतीचंच करावं, असं माझं मत झालंय. पुन्हा इंजिन चालवलं, पुन्हा पावडर, पुन्हा ड्रॉइंग शीट.

सकाळी शीट कोरी! पप्पांनी ती घडी करून कपाटात ठेवली, मार्कशीट ठेवतात तशी.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण तिसऱ्या दिवशी शीटवर पुन्हा दोन थेंब. या वेळी जागा वेगळी, इंजिनाच्या मागे. मी शहाणी झाले होते, वर आणि पुढे बघत गेले. तेल ब्रीदरच्या रबरी नळीच्या टोकातून येत होतं. ब्रीदर म्हणजे इंजिनाचं नाक. पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये झिरपतो, ज्याला आपण ब्लो-बाय लिहितो, तो बाहेर जायची ही वाट. ही नळी चिखलानं बुजली किंवा दुमडली तर आतला दाब वाढतो आणि चांगले सीलही तेल ओकायला लागतात. म्हणून एकदम दोन-तीन ठिकाणांहून गळायला लागलं तर सील बदलण्याआधी ब्रीदर मोकळा आहे का ते बघा. आमचा मोकळा होता. मग तेल का?

कारण तेल जास्त झालं होतं, आणि ते मीच केलं होतं. पहिल्या दिवशी तेल भरताना गाडी साइड स्टँडवर होती. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, तेल डावीकडे जातं, आणि डिपस्टिक असते उजवीकडे. काडी कमी दाखवत राहिली, मी ओतत राहिले, लिटरचा आख्खा डबा संपवला. योग्य पद्धत अशी: सपाट जागा, मेन स्टँड, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करायचं, तेवढाच वेळ थांबायचं, काडी पुसून परत घालायची, पण आटे न फिरवता नुसती टेकवायची, आणि मग बघायची. हे सगळं मॅन्युअलमध्ये आहे. मॅन्युअल शोकेसमध्ये होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, 2009 पासून न उघडलेलं. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी आणून वरूनच जवळजवळ दोनशे मिली तेल काढलं. आईनं त्या दिवशी मला 'डॉक्टर' म्हटलं, पण ज्या सुरात म्हटलं तो सूर लिहून दाखवता येत नाही.

आमची गळती सोपी निघाली हे मान्य करते. तुमच्या गाडीची वेगळी असू शकते. डावीकडे गिअर लिव्हरच्या दांड्याभोवती ओलं असेल तर तिथलं सील, पुढच्या स्प्रॉकेटमागे असेल तर त्या शाफ्टचं. ही दोन्ही इंजिन न उघडता बाहेरून बदलता येतात, फक्त स्क्रू-ड्रायव्हरनं जुनं सील उचकटताना शाफ्टला ओरखडा पाडू नका, नाहीतर नवं सीलही गळेल. स्प्रॉकेटची गळती मात्र लगेच बघा, तिथलं तेल मागच्या टायरवर उडतं. हेड आणि सिलिंडर किंवा सिलिंडर आणि क्रँककेस यांच्या जोडातून येत असेल, किंवा सायलेन्सरमधून निळसर धूर असेल, तर तो घरचा मामला नाही. सरळ गॅरेजमध्ये जा. पण इंजिन धुऊन, पावडर मारून, जागा दाखवायला जा. 'कुठून तरी गळतंय' म्हणणाऱ्याला साडेसहा हजार आणि 'इथून गळतंय' म्हणणाऱ्याला कमी, हा फरक मी बघितलाय. स्कूटरवाल्यांना एक सूचना, मागच्या चाकाजवळ तेल दिसलं तर ते इंजिनाचं असेलच असं नाही, तिथं गिअरचं तेल वेगळं असतं.

काढलेल्या तेलाचं काय? आमच्याकडे ते लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, किंवा सरळ गटारात. गटारात ओतू नका, गटार ओढ्याला मिळतं आणि ओढा कृष्णेला. मी जुन्या बाटलीत भरून त्याच गॅरेजवाल्याकडे नेऊन दिलं, त्याच्याकडे जळक्या ऑइलचं बॅरल आहे, ते घेऊन जाणारे येतात. त्यानं विचारलं, "मग? कुठून गळत होतं?" मी सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "खालचं टॅपेट. बरोबर. वास येत असणार." आणि मला चहा पाजला.

सुट्टी संपून मी हॉस्टेलवर आले. पप्पा आता दर रविवारी फोनवर तेलाची पातळी सांगतात, वरच्या खुणेच्या किंचित खाली. संक्रांत झाली, गॅरेजमध्ये जायची वेळ आली नाही. फरशीवरचा डाग मात्र आहे तसाच. आईनं सोडा, लिंबू, चुना, लाकडाचा भुसा, सगळं करून बघितलं आणि शेवटी त्याच्यावरच मोठ्ठं कमळ काढलं. शहाबादी फरशीतून इंजिन ऑइलचा डाग काढायचा उपाय कुणाला माहीत असेल तर कृपया लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर लिहून लावा.